वाकळेच्या कोपऱ्यातला घास

भवानीनगर,
४ ऑक्टोबर २०२५

वन्सं,

म्हशीची धार काढून झाली होती. शेणाची पाटी उकिरड्यावर रिकामी करून मी हात धुतले, चुलीवर चहा ठेवला आणि तो उकळेपर्यंत ओसरीवर तुरीच्या डाळीतले खडे वेचत बसले. कारखान्याचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. गेल्या मार्गशीर्षातली सकाळ, रोजच्यासारखीच. पार्सल देणाऱ्यानं फटफटी बांधावरच लावली आणि तिथूनच ओरडला, कौसल्या रामहरी कोण म्हणून. खोक्यावर तुझं अक्षर होतं. मी हात परत धुतले. मला वाटलं, यंदा नणंदेनंच काहीतरी पाठवलंय. तोवर चहा उतू गेला.

खोक्यात वाकळ होती. तुझ्या दादाच्या शर्टांची, मीच भाऊबीजेला तुला पाठवलेली. एक कोपरा कात्रीनं वीतभर कापलेला आणि आतल्या धोतराच्या चिंध्या बाहेर लोंबत होत्या. चिठ्ठी नाही, काही नाही.

तिसऱ्या दिवशी विजयसिंहरावांचा फोन आला. तुझा नवरा भला माणूस, घसा दोनदा साफ केल्याशिवाय वाईट बोलत नाही. म्हणाले, कोपऱ्यात काहीतरी निघालं, आई घाबरली, घरात नको म्हणाली. काय निघालं विचारलं, तर म्हणाले, भाकरीचा तुकडा, काळा पडलेला, शिवून ठेवलेला. मग म्हणाले, "वहिनी, आमचा न्हाय हो असल्या गोष्टींवर विश्वास."

ज्याचा नसतो तो फोन कशाला करतो?

तू शाळेत विज्ञान शिकवतेस, अंजली. भाकरीला बुरशी कशी धरते याचं चित्र तू फळ्यावर काढत असशील. भाकरी महिनाभर कापडात राहिली तर काळी पडते, हे तुला सांगायला चौथी शिकलेली भावजय लागते का? विधवा बाईनं पाठवलेल्या वाकळेत भाकरी निघाली म्हणजे करणी, असं तुझ्या सासूबाईंना वाटलं. त्यांचं वय झालंय, त्यांना वाटू दे. पण कात्री कुणी आणून दिली?

दहा महिने मी फोन करते आहे. तू वर्गात असतेस. रविवारीही वर्गातच असतेस. म्हणून आता पत्र. फोन मध्येच ठेवता येतो. पत्र मध्येच ठेवलं तरी उरलेलं तिथंच असतं.

वर 'वन्सं' लिहिलंय ते मुद्दाम. मी लग्न होऊन आले तेव्हा तू बारा वर्षांची, दोन वेण्यांची, आणि मला सक्त ताकीद होती की नणंदेला नावानं हाक मारायची नाही. 'अहो वन्सं, नाक पुसा,' असं म्हणायचे मी तुला. पुढं तूच म्हणालीस, अंजली म्हण. पण फार चिडले की अजून तोंडात तेच येतं.

विचारायचं एवढंच आहे. यंदा भाऊबीज तेवीस तारखेला आहे. गेल्या वर्षी तू आली नाहीस. गच्चीत जाऊन चंद्राला ओवाळलंस, श्रेयानं फोटो पाठवला होता. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात चंद्राला, मला माहीत आहे. पण चंद्र काही ओवाळणी घालत नाही, आणि दुपारी जेवायलाही थांबवून घेत नाही. भाऊ गेला म्हणजे माहेर गेलं, असं तू ठरवलं असशील तर तसं स्वच्छ लिही. म्हणजे मला दाराकडं बघत बसायला नको.

वहिनी


भवानीनगर,
११ ऑक्टोबर २०२५

वन्सं,

तुझं उत्तर नाही. श्रेयाचा मेसेज आला, 'मामी, आईने पत्र दोनदा वाचलं. फाडलं नाही. इस्त्रीच्या साड्यांखाली ठेवलं.' लेक गुणी आहे तुझी. साड्यांखाली तर साड्यांखाली, निदान चुरगळणार तरी नाही.

तेव्हा आता सगळं पहिल्यापासून सांगते. लांबेल. जोडाक्षरं मी तुझ्याच सहावीच्या पुस्तकावरून शिकले, तू सातवीत गेल्यावर ते माझ्याकडं आलं होतं. त्याचे भोग आता भोग.

तुझ्या दादाची खोड तुला ठाऊक आहे. दिवाळी आली की दुकानातलं काही घ्यायचं नाही. ज्याचा हात आपल्याला माहीत आहे त्याच्याच हातची वस्तू द्यायची, आणि ती बारामती नाहीतर इंदापूर तालुक्यातलीच. बिरदेव धनगराकडून घोंगडं आणलं, ते चिंचोक्याच्या खळीनं इतकं कडक होतं की भिंतीला टेकवून उभं राहायचं. श्रेया तान्ही होती, अंगाला लागलं की रडायची. नरसिंहपूरहून कळकाची दुरडी आणली, तू तिच्यात कांदे भरलेस. मग एका वर्षी सुताचं शिंकं आणलं, आणि तुझ्या फ्लॅटला आढंच नाही. ते शिंकं हातात धरून तू इथं ओसरीवर उभी होतीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"दादा, माझ्या जावेला तिचा भाऊ पैठणी देतो. आणि मला तू शिंकं देतोस."

"पैठणी सगळ्यांच्यात असती. शिंकं हाय का कुणाकडं तुज्या बिल्डिंगमधी?"

तेव्हा मी तुझ्या बाजूची होते, हे विसरू नकोस. दर वर्षी मी म्हणायचे, घ्या की एक बरी साडी बहिणीला. ऐकायचे नाहीत. मला मागं बसवून नेणार, आणि वस्तू घ्यायला पाच मिनिटं, तर त्या माणसाच्या ओसरीवर गप्पा दोन तास. त्याची मेंढरं किती, सून कुठली, गुडघा कसा आहे. परत येईस्तोवर माझी म्हैस ओरडून ओरडून दमलेली असायची. मला वैताग यायचा. खोटं कशाला लिहू, फार वैताग यायचा.

ते गेल्यानंतरची पहिली दिवाळी. मी ठरवलं, आता कुणी अडवणारं नाही, अंजलीला साडी घ्यायची. बारामतीला गेले. दुकानात गादीवर बसले. त्या माणसानं वीस साड्या उलगडल्या आणि विचारलं, पाहुण्यांना रंग कुठला आवडतो? पस्तीस वर्षांची आपली ओळख, आणि मला सांगता येईना. उठले, त्याची माफी मागितली, आणि स्टँडवर येऊन इंदापूरची गाडी धरली. माझ्या पिशवीत त्यांचे चार शर्ट आणि एक धोतर घडी घालून ठेवलेलं होतं. सकाळी घरातून निघतानाच ठेवलेलं. म्हणजे साडी घ्यायची नव्हतीच मला. हे आत्ता लिहिताना कळतंय.

तिकडच्या वरकुटे गावच्या भागूबाई वाकळा शिवतात. चष्म्याला एका बाजूला दोरी बांधलेली, पण टाका असा की मुंगीची रांग. त्यांनी शर्ट उलटसुलट करून पाहिले, सगळी बटणं तोडली आणि माझ्या ओंजळीत दिली. म्हणाल्या, वाकळेला बटण चालत नाही, निजणाऱ्याला टोचतं. निळ्या शर्टाचा खिसा मात्र तसाच ठेवला. का, ते विचारलं नाही मी.

आठ दिवसांनी आणायला गेले, तर तीन कोपरे शिवलेले आणि चौथा उघडा. त्यांच्या घरात रीत आहे, वाकळ उपाशी जाऊ द्यायची नाही. शेवटच्या कोपऱ्यात भाकरी-गुळाचा घास ठेवायचा, देणाऱ्याच्या हातानं. वर कच्चा दोरा. जिला वाकळ मिळते तिनं तो कोपरा उसवायचा, घास गाईला घालायचा आणि स्वतःच्या हातानं कोपरा शिवून टाकायचा. तेव्हा वाकळ पुरी होते. भागूबाईंनी आजवर शिवलेली एकही वाकळ त्यांनी स्वतः पुरी केलेली नाही. शेवटचा टाका घेणारीचा.

मी म्हणाले, घास तुम्हीच ठेवा, माझा हात नको. ते गेल्यापासून मला कुणी कशाला हात लावू दिला नव्हता. ओटी भरायला नाही, हळद फोडायला नाही. समोर कुणी नको म्हणत नाही, फक्त ताट माझ्यापुढून पलीकडं जातं. भागूबाई माझ्यावरच डाफरल्या.

"देणारी तू हायस. माजा घास कसा चालंल?"

म्हणून मी ठेवला. गूळ जरा जास्तच घातला.

तर ती ही करणी. श्रेया सांगते की तुझ्या सासूबाईंनी तो घास लिंबासकट तीन रस्त्यांच्या तिकाटण्यावर नेऊन पुरला. तिथल्या मुंग्यांची दिवाळी चांगली झाली असेल.

आता तू म्हणशील, हे मला आधी का नाही कळवलं. घाईगडबडीत राहून गेलं.

भाऊबीज तेवीस तारखेला आहे, हे परत लिहिते.

वहिनी


भवानीनगर,
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

अंजली,

काल श्रेयाचा फोन आला. म्हणाली, आईनं एकच विचारायला सांगितलंय. वहिनी एवढी चार चार पानं लिहिते, मग वाकळेबरोबर चार ओळींची चिठ्ठी का नाही घातली? घाईत राहून गेलं हे आईला पटत नाही.

मास्तरीण ती मास्तरीण. पोरांच्या वहीत जिथं खाडाखोड असते तिथंच बरोबर बोट ठेवायची सवय.

चिठ्ठी लिहिली होती. पार्सल बांधलं, दोरी आवळली, मग दोरी सोडली आणि चिठ्ठी काढून घेतली. पंचांगात ठेवली. अजून तिथंच होती.

का काढली ते सांगते. दहाव्याला नरसिंहपूरला संगमावर सगळं उरकून आपण पायऱ्या चढत होतो. सगळी भावकी होती, तुझे सासरचे होते. तू सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "वहिनी, एक दिवस आधी दादाला बारामतीला आणलं असतं तर तो आज असता." मी ओल्या लुगड्याचा पदर पिळत राहिले. लोकांनी ते पाहिलं आणि त्यांना जे समजायचं ते समजले.

काय झालं होतं ते तुला मी कधी सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. त्या दिवशी उसाला पाण्याची पाळी होती. दुपारी ते रानातून आले, छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त झालंय, ओवा दे. मी ओवा दिला आणि कोमट पाणी दिलं. बरं वाटतंय म्हणाले. परत रानात गेले, पाटाच्या पाण्याची दारं मोडून आले, थोडी भाकरी खाल्ली, पडले. पहाटे घाम सुटला तेव्हा गाडी करून निघालो. बारामतीचा पूल दिसायच्या आत सगळं संपलं होतं.

मी ओवा दिला, अंजली. मला कळायला हवं होतं का, हे मी रोज धार काढताना स्वतःला विचारते. चरवी भरेपर्यंत उत्तर मिळत नाही. तो प्रश्न तू पायऱ्यांवर उभी राहून विचारायची गरज नव्हती.

म्हणून चिठ्ठी काढली. राग होता, पण नुसता राग नव्हता. मला वाटलं, अंगावर घेताना तुझ्या हाताला कोपऱ्यातली गाठ लागेल. तू फोन करशील. वहिनी, हे काय गं, एवढं तरी विचारशील. मग मी घासाचं सांगेन, आणि त्याच्या आडून बाकीचंही बोलता येईल. तुला फोन करायला लावायचं म्हणून मी हा उद्योग केला. पुस्तकं वाचून माणूस शहाणं होतं म्हणतात, माझं बघ.

तर चूक माझी आहे. पण माझी चूक एका चिठ्ठीची आणि तुझी कात्रीची, हा फरक मी सोडणार नाही.

चिठ्ठी यासोबत ठेवते आहे. एक वर्ष उशिरा पोचेल. त्यात लिहिलंय, 'अंजली, कोपऱ्यात घास आहे. उसवून गाईला घाल आणि तुझ्या हातानं टाका घाल. खिसा तुझ्या दादाचा आहे.'

आज वसुबारस. आपल्याकडं आता गाय नाही, म्हणून शेजारच्या झुंबर वहिनींच्या गाय-वासराला ओवाळायला सगळ्या बायका जमल्या होत्या. मी कुंपणाशी उभी होते. झुंबर वहिनी म्हणाल्या, "या की पुढं, गाईला काय कळतंय." चांगल्या मनानं म्हणाल्या. पण म्हणजे माणसांना कळतंय, असाच त्याचा अर्थ ना?

वाकळ पेटीवर ठेवली आहे. कोपरा अजून उघडा आहे, मी शिवलेला नाही. तो माझा नव्हे.

वहिनी


भवानीनगर,
२६ ऑक्टोबर २०२५

अंजली,

सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला, आणि या वेळी तू वर्गात नव्हतीस. तरीही लिहिते. काही गोष्टी तू इथं असताना मला बोलता आल्या नाहीत आणि फोनवर मी मुळीच बोलणार नाही.

पहिली गोष्ट साडीची. तेवीस तारखेला अकरा वाजता तू गाडीतून उतरलीस, मागून श्रेया, आणि तुझ्या हातात दुकानाची पिशवी. या घरात इतक्या वर्षांत भाऊबीजेला साडी आली ती अशी, उलट्या बाजूनं. आणि रंग कुठला, तर डाळिंबी, जरीचा काठ. मी तुला नको ते बोलले. या वयात मला हा रंग, लोक काय म्हणतील, पावती आहे का, बदलून आण. तू पाणी पीत पीत म्हणालीस, "घोंगड्यापेक्षा बरीय." श्रेया हसत सुटली. मला हसू आलेलं तू पाहिलंस, म्हणून मी आत गेले.

दुसरी गोष्ट वाकळेची. तू जेवायच्या आधीच मागितलीस. रीतीप्रमाणे मी नवा घास केला, भाकरी-गुळाचा, कोपऱ्यात ठेवला, वर कच्चा दोरा घातला आणि तुझ्या मांडीवर दिली. तू ती लगेच उसवलीस. श्रेया म्हणाली, मामी, हे म्हणजे दार लावायचं आणि लगेच उघडायचं. तसंच आहे ते. तू झुंबर वहिनींच्या गोठ्यात गेलीस आणि गाईनं घास खाऊन तुझा हातही चाटला. तू ओढणीला पुसलास. पूर्वी किंचाळली असतीस.

मग ओसरीवर बसून शिवायला लागलीस. तुझे टाके, अंजली. बोटबोट लांबीचे, वाकडे, दोरा वर आलेला. भागूबाईंनी पाहिले तर चष्मा काढून ठेवतील. मी म्हणणारच होते, दे इकडं. तेवढ्यात तू मान वर न करता बोललीस. ते तुझे शब्द मी इथं तसेच लिहून ठेवते, कारण ते परत तुला बोलावे लागू नयेत.

"वहिनी, त्या दिवशी दुपारी त्यानं मलाही फोन केला होता. जळजळतंय म्हणाला. मी मधल्या सुट्टीत होते. मी म्हणाले, पित्त असेल, वहिनीला ओवा माग."

मला फक्त एवढंच दिसत होतं की ते रानातून आले, ओवा दे म्हणाले, आणि तो ओवा तुझ्याकडून आला होता. म्हणजे दीड वर्ष आपण दोघी एकाच चिमटीतला ओवा वेगवेगळ्या घरात बसून मोजत होतो. तुझा दोरा संपला होता. मी सुईत नवा ओवून दिला.

आणि एक सांगते. मला राग आला. खरंच आला. पायऱ्यांवर सगळ्यांच्या देखत जे माझ्या अंगावर टाकलंस ते तुझंच होतं, आणि तू ते दीड वर्ष माझ्याकडं ठेवलंस. हा राग लगेच जाणार नाही. साडी बदलून आणलीस तरी जाणार नाही. पण तो राग आता तुझ्या समोर बसून करता येईल, एवढं बरं झालं. संक्रांतीला ये. तेव्हा उरलेला करीन.

तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग. वाकळ घरात घेताना त्यांनी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, असं श्रेया म्हणाली. टाकू दे. भाकरीवरची भीती भाकरीनंच काढली त्यांनी, माझी काही तक्रार नाही.

साडी मी अजून नेसलेली नाही. पिशवीतून काढून पेटीत ठेवायला गेले तर पेटीत जागा नव्हती. त्यांचे उरलेले सहा शर्ट होते तिथं. गेल्या वर्षी चार दिले तेव्हा हे मागं ठेवले होते, कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ते सहाही शर्ट धुतले, तारेवर वाळवले, बटणं तोडून डब्यात ठेवली आणि वरकुट्याला भागूबाईंकडे नेऊन दिले. कुणासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझं नाव सांगितलं, आणि घास ठेवायला नणंद येईल असं सांगून पाचच्या गाडीनं घरी आले.

वहिनी